रानरेड्याच्या शिकारीची एकेचाळीस कलमे

पाच जण गेले होते आणि पाचही जण परत आले. अकरा दिवस ते एकाच उघड्या गाडीतून हिंडले, एकाच टाकीचे पाणी प्याले, एकाच चुलीवरचे जेवले आणि एका ओळीत लावलेल्या तंबूंत झोपले. चौघांच्या अंगावर माशीच्या चाव्याच्या खुणा मिळून सात होत्या. पाचव्याच्या अंगाला चुना लावायला त्याची बायको बसली, तेव्हा उजव्या हातावरच्या खुणा तिने साठपर्यंत मोजल्या आणि मग मोजणे सोडून दिले.

पाचव्याचे नाव सांडू वाकळे. तो बिडकीनचा.

त्या प्रवासाची आखणी प्रा. मधुसूदन धारूरकर यांनी केली होती. शहरातल्या एका महाविद्यालयात त्यांनी एकतीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवले होते आणि निवृत्तीनंतर छावणीच्या कडेला दोन खोल्यांत ते एकटे राहत. महाविद्यालयाने भंगारात काढलेला एक सूक्ष्मदर्शक त्यांनी विकत घेऊन खिडकीशी मांडला होता. जे दिसते आणि जे मोजता येते, तेवढ्यावरच त्यांचा विश्वास. सत्यनारायणाच्या प्रसादाला ते जात, परंतु प्रसाद आवडतो म्हणून जात आणि तसे यजमानांना सांगतही.

नानासाहेब तांगडे त्यांचे जुने विद्यार्थी. दुसऱ्या वर्षाला दोनदा नापास होऊन त्यांनी शिक्षणाला रामराम ठोकला होता. पुढे बिडकीनची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, आणि ज्या रानात तांगड्यांची ज्वारी उभी असे तिथे कारखाने उभे राहिले. त्या कारखान्यांच्या फाटकांवर पहारेकरी पुरवण्याचा ठेका नानासाहेबांकडे आला. शे-दीडशे माणसे त्यांच्या नावाने सलाम ठोकू लागली. दुबई झाली, थायलंड झाले. मेहुणे काकासाहेब आणि पैठणचे दोन मित्र यांच्यासह आता शिकारीला जायचे ठरले होते. इथे सशाला धोंडा मारला तरी वनखाते दारात येते, तिथे मात्र परवाना काढून रानरेडा मारता येतो, हे कोणीतरी त्यांच्या कानावर घातले होते.

मे महिन्यात ते सरांच्या दारी आले. सर हसून वाटेला लावतील अशी त्यांना धास्ती असावी, कारण ते उंबऱ्यातच बोलू लागले.

"सर, आमच्यातल्या एकालाबी तो मुलूख ठावं नाय. एजंट तर फोटो दाखवून मोकळा होतो. तुम्ही अभ्यास करून सांगा. तुम्ही सांगाल तसं करू."

एकतीस वर्षांत मधुसूदनरावांना असे कोणी म्हटले नव्हते. विद्यार्थी त्यांच्या तासाला हजेरीपुरते बसत आणि मागच्या बाकांवर पानाच्या पुड्या फिरत. शिकार त्यांना आवडत नव्हती, पण 'अभ्यास करून सांगा' हे शब्द फार आवडले. त्यांनी त्याच दिवशी नकाशा आणला.

पैठण रस्त्यावरच्या नानासाहेबांच्या बंगल्यात दर मंगळवारी दुपारी बैठक भरू लागली. मधुसूदनरावांनी झांबियातले लुआंग्वा नदीचे खोरे निवडले आणि का निवडले ते पर्जन्यमानाच्या तक्त्यासह समजावले. गुरुजींनी काढून दिलेला जुलैचा मुहूर्त त्यांनी खोडला. तिकडचा पावसाळा एप्रिलात संपतो, जुलैत त्याला फारसे दिवस झालेले नसतात, गवत पुरुषभर उंच असते, आणि त्या गवतात रेडा दहा पावलांवर असला तरी दिसत नाही. सप्टेंबरात गवत जळून गेलेले असते, नदीची डबकी होतात, आणि कळपांना पाण्यावर यावेच लागते. नानासाहेबांनी गुरुजींना फोन लावून सप्टेंबरातला मुहूर्त काढायला सांगितले. तो निघाला. मधुसूदनरावांना हा विज्ञानाचा विजय वाटला.

यादी एकेचाळीस कलमांची झाली. रायफल इथून न्यायची नाही, तिथेच भाड्याने घ्यायची. नेम पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या तृतीयांशात. जखमी जनावराच्या मागे अर्धा तास जायचे नाही, कारण ते झुडपात वळून उभे राहते आणि आपल्याच मागावर येणाऱ्याची वाट बघते. पाणी, जोडे, हिवतापाच्या गोळ्या, साप. प्रत्येक कलमाखाली कारण. कारणाशिवाय सूचना देणे हे त्यांच्या मते भटजीचे काम. यादीच्या चार प्रती निघाल्या.

सांडूला न्यायचे नानासाहेबांनी जूनच्या शेवटी ठरवले. तो बावीस वर्षे त्यांच्या म्हशी सांभाळत होता. तिथल्या आचाऱ्याच्या हातचे खाववणार नाही, भाकरी थापायला आपला माणूस हवा, पाय चेपायला हवा, असे काकासाहेब म्हणाले. त्याला बैठकीत बोलावून घेतले तेव्हा तो दाराशी चवड्यांवर बसला. सर सांगत होते ते त्याने मन लावून ऐकले आणि शेवटी विचारले की तिथल्या म्हशी दूध किती देतात. त्यांचे दूध काढत नाहीत, असे सरांनी सांगितले.

"मंग मारायच्या कशापायी?" सांडूने विचारले.

"तुला इचारून मारू का रे?" नानासाहेब म्हणाले, आणि चौघे हसले. सांडूही हसला.

सराव बिडकीनच्या शेतावर झाला. उरलेल्या सहा एकरांत लाकडी फळ्यांचा रेडा करून त्याला चाके लावली होती, आणि तो दोराने ओढायचे काम सांडूकडे. दोर वीस हातांचा होता. नानासाहेबांच्या बारा बोअरच्या छऱ्यांचा फैलाव ध्यानात घेता तो चाळीस हातांचा तरी असावा, असे मधुसूदनरावांनी गणित करून सांगितले. नानासाहेबांनी ते ऐकून घेतले आणि दोर तसाच ठेवला. लांब दोराने गडी आळशी होतो, जवळच्या दोराने पळतो, आणि तो पळाला की रेडाही खऱ्यासारखा पळतो, हे त्यांचे गणित. पहिलाच बार उडाला आणि सांडू उसाच्या पाचटात पालथा पडला. लागले काही नव्हते. काकासाहेबांनी त्याला पुन्हा तसेच पडायला लावले, कारण मघाशी मोबाइल चालू केलेला नव्हता. मधुसूदनरावांनी आपल्या वहीत लिहिले: दोर, सूचना दिली. सूचना दिली की त्यांच्या लेखी काम संपत असे.

जुलैतल्या एका मंगळवारी तेविसावे कलम आले. ते त्से-त्से माशीचे होते, आणि या माशीवर मधुसूदनराव तास दीड तास बोलले. हा त्यांचा आवडता विषय. माशी दिवसा चावते, कापडातून चावते, चालत्या गाडीचा पाठलाग करते. तिच्या लाळेतून रक्तात एक परजीवी शिरतो आणि पुढे मेंदूत. हजारांतल्या थोड्याच माशांत तो असतो, म्हणून चावे जितके कमी तितका धोका कमी, हा साधा हिशेब. चौघांनी त्या दिवशी मोबाइल उलटे ठेवून ऐकले, मध्ये प्रश्न विचारले, आणि खूप हसले. घरी परतताना मधुसूदनरावांना वाटले, आपण शिक्षक म्हणून वाया गेलो नाही.

सप्टेंबरात पाच जण गेले आणि महिना संपायच्या आत परतले. दोन रेडे पडले होते. सरांना पेढ्यांचा पुडा आला. आखणीत चूक निघाली नाही, याचे समाधान त्यांनी महिनाभर पुरवून पुरवून चाखले.

नोव्हेंबरात त्यांच्या मोबाइलवर काकासाहेबांनी एक चित्रफीत धाडली. कारखान्याच्या फाटकावर भर दुपारी सांडू खुर्चीत झोपला होता. म्हशी विकल्यामुळे नानासाहेबांनी त्याला पहाऱ्यावर बसवले होते. सात-आठ पहारेकरी त्याच्याभोवती टाळ्या वाजवत होते, तो डोळे उघडी आणि पुन्हा मिटी. मग नानासाहेबांचा आवाज आला, आणि बादलीभर पाणी त्याच्या डोक्यावर पडले. सांडूने भिजलेल्या तोंडाने सलाम ठोकला, तोही डाव्या हाताने, आणि सलामाच्या मध्येच झोपला. शेवट असा जमून आला होता की मधुसूदनराव जरा हसले.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात द्वारकाबाई त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. सांडूची बायको, पन्नाशीची, एसटीने आलेली. तिने नवऱ्याला रिक्षातून उतरवून भिंतीला टेकवले होते. तो बसल्या जागी झोपला होता.

"सर, समदे म्हणतेत दारू पेतो. ते माळकरी हायेत, शिवत बी नाईत," ती म्हणाली. "दिवसा असं पडून राहतेत अन् रात्रभर भिंतीकडं तोंड करून बसतेत. बोलणं कळत नाय. मालकानं कामावरून काढलं, म्हणलं, झोपेचं सोंग करतो. दोन महिन्यापसून ताप येतो-जातो. हिवताप बघितला तीनदा, नाय निघाला."

आफ्रिकेला गेल्याचे डॉक्टरांना सांगितले का, असे मधुसूदनरावांनी विचारले. सांगितले नव्हते. तिकडची गोष्ट कुठे काढायची नाही, वनखात्याची चौकशी मागे लागेल, असे मालकांनी परतल्या दिवशीच बजावले होते, आणि सांडूने मालकाचा शब्द पाळला होता. तापातही पाळला होता.

तिने नवऱ्याची मान पुढे वाकवून दाखवली. मानेवर दोन्ही बाजूंना गाठी होत्या. मग तिने तो चुन्याचा प्रसंग सांगितला.

मधुसूदनरावांनी सांडूच्या बोटाला सुई टोचली. तो जागा झाला नाही. काचेवर थेंब घेतला, वर पातळ काच ठेवली, आणि खिडकीच्या उजेडात नळीला डोळा लावला. रक्तपेशींच्या गर्दीत काहीतरी वळवळत होते. एका पेशीला धक्का देऊन ते पलीकडे गेले, मग दुसऱ्या पेशीला. ट्रिपॅनोसोमा. एकतीस वर्षे त्यांनी हा जीव रंगवलेल्या, मेलेल्या रूपात मुलांना दाखवला होता. जिवंत तो त्यांनी प्रथमच पाहिला. त्यांना आनंद झाला. तो निखळ होता, आणि दोन-तीन मिनिटे तरी त्यात दुसऱ्या कशाचीही भेसळ नव्हती.

"बाई, सापडलं," ते म्हणाले. मुलगा झाल्याचे सांगावे तसा त्यांचा आवाज होता.

"मंग बरे व्हतील ना?" द्वारकाबाईंनी विचारले.

मधुसूदनरावांनी त्याच दुपारी सांडूला सरकारी दवाखान्यात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी काच पाहिली आणि एक शब्दही वाया न घालवता कामाला लागल्या. पाठीच्या कण्यातले पाणी काढले. परजीवी मेंदूपर्यंत पोचला होता. या रोगाचे औषध देशात दुकानात मिळत नाही, जागतिक आरोग्य संघटनेकडे मागणी नोंदवावी लागते आणि ते परदेशातून येते. मागणी त्याच संध्याकाळी गेली. खोका दहाव्या दिवशी मुंबईला उतरला. सांडू आठव्या दिवशी वारला होता. शेवटचे तीन दिवस त्याला बायको ओळखू येत नव्हती. म्हशींना मात्र तो नावांनी हाका मारी.

बाकीच्या चौघांचे रक्त डॉक्टरीणबाईंनी आग्रहाने तपासून घेतले. चौघेही निर्मळ निघाले.

तेराव्यानंतर द्वारकाबाई पुन्हा आल्या. या वेळी त्या आत येऊन खाली बसल्या आणि पाणी दिले ते प्याल्या नाहीत. गावात दोन बोलवा होत्या. एक, नानासाहेबांची: सांडू तिकडची दारू पिऊन पडला, तीच भोवली. दुसरी, बाकीच्यांची: रेडा हे यमाचे वाहन, सांडूने त्याचे कातडे सोलले, म्हणून यमाने त्यालाच नेले. गोळी घालणाऱ्यांना यमाने का सोडले, असे विचारण्याचे धैर्य गावात कोणाला नव्हते. दोन्ही बोलवांत दोष सांडूचाच होता. तेराव्याला जेवायला निम्मी माणसे आली नाहीत.

"तुम्ही म्हणता माशी चावली," द्वारकाबाई म्हणाल्या. "माशीला काय ठावं, मालक कोण अन् गडी कोण? पाच जण एका गाडीत बसले. ह्यांनाच का चावली? मला कारण सांगा. अन् नुसतं सांगू नका, कागदावर लिहून द्या. मी कोणाकूनबी वाचून घेईन, अन् ज्याला पाहिजे त्याला दाखवीन."

प्रश्न बिनतोड होता. मधुसूदनरावांनी आठ दिवस त्याच्यावर घालवले. घामाचा वास, त्वचेचा रंग, बसण्याची जागा, चुलीचा धूर: एकेक शक्यता कागदावर मांडली आणि खोडली. भाकरी थापणाऱ्याला धूर उलट जास्त मिळायला हवा, आणि धुराने माशी दूर जाते. अखेर, माहिती अपुरी असताना तर्क करणे हा अडाणीपणा आहे हे स्वतःला बजावून, ते रिक्षाने पैठण रस्त्याला गेले.

बंगल्याच्या दिवाणखान्यात शिकारीचा फोटो भिंतभर मोठा करून लावला होता. पडलेल्या रेड्याच्या शिंगांवर हात ठेवून चौघे बसले होते, चौघांच्या अंगावर फिकट खाकी, यादीत लिहिल्याप्रमाणे. मागे गाडी होती. गाडीच्या मागच्या फळीवर, सगळ्यांपासून वेगळा, सांडू बसला होता. त्याच्या अंगात नानासाहेबांच्या पहारेकऱ्यांचा गणवेश होता: गडद निळा सदरा, काळी विजार. सदऱ्याची उजवी बाही कोपरापर्यंत काळवंडलेली दिसत होती. मधुसूदनराव फोटोजवळ गेले. तो डाग नव्हता. बाहीवर माशा बसल्या होत्या.

"याला खाकी का नाही घातलं?" त्यांनी विचारले. "तेविसाव्या कलमात स्पष्ट लिहिलंय. निळा आणि काळा वर्ज्य."

नानासाहेब चहा ओतत होते. त्यांना प्रश्नाचे नवल वाटलेले दिसले.

"सर, तुम्हीच सांगितलं व्हतं की."

"मी?"

"तुम्हीच. तिकडं माशी धरायला निळं-काळं कापड टांगतेत म्हणले. माशी समदी त्याच्यावर जाते. मी इचारलं, टांगायचं कुठं? तर तुम्ही म्हणले, टांगता कशाला, एखाद्याला निळे कपडे घालून गाडीच्या मागं बसवलं की बाकीचे निर्धास्त. लई हसलो आम्ही. पण डोकं लावलं सर. आपल्याकडं गणवेश पडूनच व्हते." त्यांनी कप पुढे केला. "अन् खरं निघालं. आम्हाला माशी शिवली नाय. तुमचं एक-एक कलम बरोबर निघालं."

मधुसूदनरावांना ते वाक्य आठवले. आपला आवाजही आठवला, आणि हशा ओसरेपर्यंत आपण थांबलो होतो, तेही. सांडूला हे सांगितले होते का, एवढे त्यांनी विचारले.

"त्याला काय सांगायचं? नवा गणवेश दिला तर खूश झाला. घडी मोडायची म्हणून निघायच्या आधीचे दोन दिवस घालीना."

चहा न पिता ते उठले. नानासाहेब त्यांना फाटकापर्यंत सोडायला आले, आणि पुढच्या वर्षी सिंहाचे काही जमेल का, याचा विचार करून ठेवायला त्यांनी सांगितले.

घरी येऊन मधुसूदनराव खिडकीशी बसले. पहिला कागद त्यांनी फाडला, कारण त्यात "दुर्दैवाने" हा शब्द आला होता. दुसरा फाडला, कारण त्यात विनोद करण्यामागचा आपला हेतू लिहिला गेला होता, आणि हेतूचा चाव्यांच्या संख्येशी संबंध नव्हता. तिसरा कागद त्यांनी दुसऱ्या दिवशी बिडकीनला जाऊन द्वारकाबाईंना स्वतः वाचून दाखवला, खाली सही केली आणि त्यांच्या हातात दिला. त्यावर एवढेच होते:

"श्री. सांडू वाकळे, राहणार बिडकीन, यांचा मृत्यू निद्रारोगाने झाला. हा रोग त्से-त्से माशीच्या चाव्यातून होतो. ते दारू पीत नव्हते. रेड्याचे कातडे सोलल्याने हा रोग होत नाही.

सोबतच्या चौघांना ही माशी जवळजवळ चावली नाही आणि श्री. वाकळे यांना शेकडो वेळा चावली. ही माशी गडद निळ्या व काळ्या रंगाकडे जाते. श्री. वाकळे यांना निळा सदरा व काळी विजार देऊन अकरा दिवस गाडीच्या मागे बसवण्यात आले होते. माशा त्यांच्याकडे जाव्यात आणि इतरांना चावू नयेत यासाठी हे करण्यात आले. त्यांना याची कल्पना दिली नव्हती. गणवेश श्री. नानासाहेब तांगडे यांनी दिला. युक्ती मी सांगितली.

मधुसूदन धारूरकर"